तेरवीला जाणारा वकील

त्यांना ‘तेरवीवाले’ हे नाव मी दिलं. मग ते इतकं चाललं, की बार रूममध्ये नव्याने आलेले वकील त्यांचं खरं नाव विचारायचेही नाहीत. आता ते गेले. मीही कोट उतरवला. लोक अजून ते नाव घेऊन हसतात आणि ‘तुमचंच ना हे?’ म्हणून मला दाद देतात. ती दाद मला आता पचत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

वाशीमला आम्ही दोघं आयुष्यभर समोरासमोर उभे राहिलो. उपचारात हयगय झाली म्हणून डॉक्टरवर तक्रार करायची, तर माणूस माझ्याकडे यायचा. तक्रारीची नोटीस हातात पडली, की डॉक्टर त्यांच्याकडे धावायचा. तेव्हा या तक्रारी ग्राहक मंचापुढे चालत. पुढे मंचाचा आयोग झाला, पाटी बदलली, तारखा मात्र पूर्वीसारख्याच पडत राहिल्या.

दिसायला ते वकील वाटायचेच नाहीत. जुन्या स्कूटरवर यायचे, तेही काळा कोट उलटा घालून. रस्त्याची धूळ बसायची ती अस्तरावर. फाटकात येऊन कोट सुलटा केला, की माणूस स्वच्छ. एकदा घाईत उलट्या कोटानेच मंचापुढे उभे राहिले. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं, “वकीलसाहेब, हे काय?” तर म्हणाले, “सायेब, आज आतलं सगळंच दाखवाचं ठरवून आलो.” त्या कोटाच्या खिशात कायम फुटाणे असायचे. युक्तिवादात समोरच्याचा आवाज चढला, की ते मूठ पुढे करायचे. “घ्या भाऊ. भांडाले ताकद लागते.” तोंडात फुटाणे असताना माणसाला धड रागावता येत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

जन्मभर डॉक्टरांची बाजू मांडणारा हा माणूस सुईला मात्र लहान मुलासारखा भ्यायचा. बारने रक्तदान शिबिर ठेवलं, उद्घाटन त्यांच्या हातून. त्यांनी फीत कापली, टाळ्या वाजल्या आणि पाहतो तर हे मागच्या दाराने पसार. एकदा दाढ ठणकत होती, तर डोक्यावरून हनुवटीखाली उपरणं बांधून आठवडाभर कामं चालवली. गावातला दातांचा डॉक्टर त्याच वेळी त्यांचा पक्षकार होता.

“त्याच्याकडे काहून नाही गेले?” मी विचारलं.

“त्याची फाईल वाचली ना मी,” ते उपरण्यातून म्हणाले.

त्यांच्या ऑफिसात एक लाकडी बाक होता. नवा डॉक्टर आला, की त्याला आधी त्या बाकावर आडवं व्हायला लावायचे. बूट काढून, उताणा. भले भले सर्जन तिथे छताकडे बघत पडलेले लोकांनी पाहिले आहेत. मग हे उशाशी उभे राहायचे, मोबाइल काढायचे आणि त्याच्याकडे न बघता विचारायचे, “हं, काय होऊन राह्यलं?” डॉक्टर सांगायला लागला, की यांचं बोट मोबाइलवर. तो उठायला गेला, की खांदा दाबून परत झोपवायचे. “पडून राहा, पडून राहा. राउंडले येतो मी.” आणि खरंच बाहेर जाऊन चहा पिऊन यायचे. परत आल्यावर विचारायचे, “कसं वाटलं?”

“अपमान झाल्यासारखं वाटलं, सर.”

“बस. तक्रार त्याचीच हाये. बाकी कागद आपन पाहू.”

दुसरा नियम नावाचा. डॉक्टरने ‘ती केस’ किंवा ‘तो पेशंट’ म्हटलं, की ते हात वर करायचे. “नाव काय त्याचं?” डॉक्टर फाईल चाळू लागला, की फाईल ओढून घ्यायचे. मेलेल्या माणसाचं नाव आठवलं, की या, असं म्हणून परत पाठवलेला एक मोठा डॉक्टर तर मला फाटकात भेटला होता. संतापून लाल झाला होता. मी त्याला हसलो. आपल्या शत्रूचा पक्षकार नाराज होऊन जातो आहे, याचा वकिलाला जो आनंद होतो तो मलाही झाला.

पण त्यांची खरी ख्याती तेरवीची, म्हणजे तेराव्याच्या जेवणाची.

रुग्ण दगावला, तर डॉक्टरने काय करावं, हे सगळे वकील एकाच सुरात सांगतात: घरात बसा, फोन उचलू नका, कुणाला भेटू नका. विमा कंपनीवालेही हेच सांगतात, कारण तुम्ही भेटायला गेलात म्हणजे चूक कबूल केलीत. तेरवीवाले नेमकं उलटं सांगायचे. डॉक्टरला म्हणायचे, “तेरवीले जाजो.”

“सर, मारतील.”

“मातीच्या दिवशी लोकायचे हात उठतात. तिसऱ्या दिवशी तोंड उठते. तेराव्या दिवशी मानूस पंगतीत खाली बसते. बसलेल्या मानसाशी बोलता येते.”

“काय बोलू?”

“झालं ते सांग. त्याईच्या बोलीत सांग. आन् वाढलं ते खा.”

आमच्याकडे एक समजूत आहे. तेरवीला जो पंगतीत बसून जेवला, त्याच्याशी त्या घराने वैर धरायचं नाही. ते कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. त्यांची अर्धी वकिली त्यावर चालायची.

अनसिंग गावचा एक किस्सा त्यांनीच बार रूममध्ये सांगितला होता. म्हातारा सलाईन लावता लावता गेला होता. मुलगे डॉक्टरला शोधत होते. हे त्या डॉक्टरला ऑटोत घालून तेराव्याला थेट दारात घेऊन गेले. थोरला मुलगा आडवा आला, “तुई हिंमत कशी झाली रे इथं याची?” डॉक्टर यांच्या मागे सरकला. हेच बोलले, “हिंमत नाही झाली, म्हनून मले संगं आनलं.” कुणीतरी हसलं. मग म्हातारी आतून म्हणाली, “बसू द्या त्याले. तेरवीच्या दिवशी दारातून उपाशी कोनाले लावाचं नसते.” डॉक्टर मांडी घालून बसला आणि जेवता जेवता त्याने सगळं सांगितलं. ते मुलगे पुढच्या सोमवारी माझ्याकडे येणार होते. आले नाहीत.

अशी माझी कितीतरी कामं गेली. तक्रारीचा मसुदा टाईप होऊन पडलेला आणि पक्षकार पंगतीत विरघळलेला. त्याच चिडीत मी एकदा भर बार रूममध्ये विचारलं, “काय तेरवीवाले, आज कोणाच्या घरची बुंदी?” सगळे खो खो हसले. तेही हसले आणि मला फुटाणे दिले.

न्यायाने एक सांगायला हवं. ते सगळ्यांनाच तेरवीला नेत नसत. एका डॉक्टरने बाकावर पडल्या पडल्या कबूल केलं, की शेतकऱ्याचा पाय सडत होता तेव्हा तो लग्नाला गेला होता आणि कंपाउंडरच पट्ट्या बदलत होता. त्याला म्हणाले, “तू जेवाले नको जाऊ. तू कोर्टात चाल.” आणि पहिल्याच तारखेला त्याला भरपाई कबूल करायला लावली. समोर मीच होतो. मला वादच करायला मिळाला नाही. तो डॉक्टर गावभर सांगत सुटला, की वकिलाने मला विकलं. त्या गोष्टीची दाद मात्र मी त्यांना कधी दिली नाही.

आता गजाननचं सांगतो.

गजानन वाशीमच्या शिवेवरचा माळी. वांगी, मेथी, कोथिंबीर लावायचा आणि सकाळी बाजारात आणायचा. त्याची बायको मंदा बाळंतपणाला गावातल्या एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात होती. मुलगी झाली, रडली, सगळे पेढ्यांच्या गोष्टी करत होते आणि मंदाला एकाएकी श्वास लागला. बाईंनी जे हाताशी होतं ते सगळं केलं, भूलतज्ज्ञ तिथेच होता, अकोल्याची गाडीही बोलावली. गाडी दारात यायच्या आधी मंदा गेली. बाई शवविच्छेदन करू या म्हणत होत्या. घरच्यांनी चिरफाड नको म्हटलं.

तिसऱ्या दिवशी गजाननचा साळा त्याला माझ्याकडे घेऊन आला. गजानन खुर्चीवर नुसता बसून होता. सही कुठे करायची ते साळ्याने बोटाने दाखवलं. मी कागद तपासले आणि अकोल्याच्या एका ओळखीच्या डॉक्टरला दाखवले. माझ्या विश्वासातला माणूस, भीड न ठेवणारा. तो म्हणाला, “बाळंतपणात कधी कधी गर्भजल आईच्या रक्तात शिरतं. मग कुणाच्या हातात फारसं काही राहत नाही. या बाईंनी करायचं ते सगळं केलंय. कागद थोडे ढिसाळ आहेत, संमतीपत्रावर वेळ घातलेली नाही. पण चूक नाही.”

मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. त्याचं मत मी लेखी मागितलं नाही. लेखी मागितलं असतं, तर ते माझ्याकडे आलं असतं.

तेराव्याला तेरवीवाले त्या बाईंना घेऊन गजाननच्या मळ्यावर गेले. बाई बायकांच्या पंगतीत बसल्या. जेवण झाल्यावर त्यांनी बाळ मागितलं, मांडीवर घेतलं, पापणी ओढून पाहिली आणि आजीला म्हणाल्या, पिवळी दिसते, उद्याच दवाखान्यात आणा. आजीने नेलंही, बाईंनी पैसे घेतले नाहीत. मुलगी बरी झाली.

पुढच्या आठवड्यात गजानन एकटाच माझ्याकडे आला. दारातच उभा राहिला.

“वकीलसायेब, ते काम राहू द्या.”

“का रे?”

“बाई जेवून गेल्या. त्याईनं सगळं सांगतलं मले, कसं कसं झालं ते. रडल्या बी. आता कशी लडू मी?”

“आणि बाई खोटं बोलल्या असतील तर?”

तो माझ्याकडे पाहत राहिला. हा विचार त्याच्या मनाला शिवलेलाच नव्हता. तो मी तिथे ठेवला.

“गजानन, ज्याची चूक नाही, तो कशाला येईल तुझ्या दारात जेवायला? इतकी माणसं मरतात, कुठला डॉक्टर जातो? आणि पोरीला काय सांगशील उद्या, आईसाठी काय केलं ते?”

“म्हंजे… त्या खोटं बोलल्या?”

“ते कोर्टात कळेल,” मी म्हणालो. अकोल्याचा फोन होऊन गेला होता आणि मी हे बोलत होतो. गजानन हळूहळू खुर्चीवर बसला. तक्रार दाखल झाली.

मंचापुढे सहसा कागदच बोलतात. मी मात्र परवानगी मागून बाईंना समोर उभं केलं. वैद्यकातलं मी एक अक्षरही विचारलं नाही.

“मयताच्या तेरवीला तुम्ही गेला होतात?”

“हो.”

“तुमच्या दवाखान्यात याआधी कोणी दगावलं, त्यांच्या तेरवीला गेला होतात?”

“नाही.”

“मग याच घरी का?”

बाईंनी आपल्या वकिलाकडे पाहिलं. हे खाली बघत होते.

“मला वाईट वाटलं होतं,” बाई म्हणाल्या.

“वाईट वाटण्यासारखं आपल्या हातून काय झालं होतं?”

बाई बोलल्या नाहीत. मी ती शांतता पुरेशी लांबू दिली. मग बाळाचं विचारलं, फुकट तपासलंत, कशाबद्दल? आणि खाली बसलो. मागच्या बाकावर गजानन होता. त्याची मान ताठ झाली होती. त्या दिवशी त्याला पटलं, की आपली बायको मारली गेली. तसं वाटण्याइतकं चांगलं काम मी केलं होतं.

निकाल बाईंच्या विरुद्ध गेला. त्यात संमतीपत्राची वेळ आली, ढिसाळ नोंदी आल्या आणि मृत्यूनंतरचं वर्तन दुर्लक्षिता येत नाही, असंही एक वाक्य आलं. त्या वाक्याचं श्रेय सगळ्यांनी मला दिलं. बाहेर व्हरांड्यात तेरवीवाले भेटले. फुटाण्यांची मूठ पुढे केली. मी घेतले नाहीत.

“चांगला होता भाऊ तुमचा प्रश्न,” ते म्हणाले. “पन तो एकदाच विचारता येते. आता मी कोनाले घेऊन जाऊ?”

मला वाटलं, हरलेला वकील बोलतो तसं बोलत आहेत.

बाईंनी अपील करायला नकार दिला. दवाखाना बंद केला. आता नागपूरला एका विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासतात, असं ऐकतो. निकालाची ती ओळ डॉक्टरांच्या मोबाइलवर फिरली आणि त्यानंतर वाशीमचा एकही डॉक्टर कुणाच्या तेरवीला गेला नाही. शिवाय नवी रीत पडली: रुग्ण जरा अवघड दिसला, की चिठ्ठी लिहायची, ‘अकोल्याला न्या’. माझ्या पत्नीच्या पित्ताशयात खडे झाले, तेव्हा तिलाही अकोल्यालाच न्यावं लागलं. मी डॉक्टरला म्हणालो, “अहो, एवढंसं ऑपरेशन, इथेच करा की.” तो नम्रपणे म्हणाला, “सर, तुम्ही आहात म्हणूनच.”

तेरवीवाले मात्र जायचे थांबले नाहीत. डॉक्टर येत नसत, तर एकटेच जात. तेरवीच्या मांडवात जाऊन बसायचे. कुणी विचारलं, “तुमी कोन?” तर सरळ सांगायचे, “डॉक्टरचा वकील.” बहुतेक ठिकाणी शिव्या मिळत. एका गावात पोरांनी त्यांच्या स्कूटरच्या दोन्ही चाकांची हवा सोडली. उलटा कोट घालून स्कूटर ढकलत येणारे ते मला नाक्यावर दिसले. मी गाडी थांबवली नाही. बार रूममध्ये येऊन तो किस्सा मात्र सांगितला, रंगवून.

मागच्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली. पुढचं त्यांच्या पत्नीने मला सांगितलं. दवाखान्यात नेलं, तेव्हा तरुण डॉक्टर सुई घेऊन आला. त्याला एका तक्रारीतून यांनीच सोडवलं होतं. यांनी पहिल्यांदाच मुकाट्याने हात पुढे केला आणि म्हणाले, “टोच. पन पहिले माह्यं नाव सांग.” डॉक्टरने नाव सांगितलं. अगदी बरोबर, वडिलांच्या नावासकट. मग चिठ्ठी लिहिली, ‘अकोल्याला न्या’. अकोल्याच्या वाटेवर, पातूरच्या अलीकडेच ते गेले.

डॉक्टरांनी शोकसभा घेतली, फोटोला हार घातला, भाषणं झाली. तेरवीला एकही डॉक्टर आला नाही. त्या दवाखान्याच्या नव्या वकिलाने म्हणे सल्ला दिला होता: घरच्यांनी उद्या काही केलं तर? जायचं नाही. सल्ला कायद्याला धरूनच होता. त्याला आधार माझ्या निकालाचा होता.

मी गेलो. फाटकाशी घुटमळत होतो. वाढप्यांत एक चेहरा ओळखीचा वाटला. केस पांढरे झाले होते, पण गजाननच. त्यानेही मला ओळखलं.

“या ना वकीलसायेब. कायले उभे? बसा.”

पंगत बसत होती. तो माझ्या शेजारीच बसला. पानात वांग्याची भाजी आली. “मळ्यातली हाये,” तो म्हणाला. “सगळी भाजी म्याच आनली.”

“तुझी आणि त्यांची ओळख…” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

“दरसाल याचे ते. मंदाच्या तिथीले. पोट्टीसाठी फुटाने आनाचे खिशातून. पह्यल्या साली म्या हाकललं त्याईले. दुसऱ्या साली मायनं बसवलं.” त्याने पोळीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. “लय डाव इचारलं त्याईले म्या, का त्या दिवशी बाई खरं बोलल्या होत्या का. ते म्हनत, मी तिचा वकील हाये बाप्पा, मी तं होच म्हनीन. तुह्या वकिलाले इचार.”

आजूबाजूला वाढप चालू होतं. वरण, वरण, असं कुणीतरी ओरडत गेलं.

“मंग आता इचारतो,” गजानन म्हणाला. “खरं बोलल्या होत्या का?”

उत्तर द्यायला मला वकिली कामी आली असती. ‘पुराव्याच्या दृष्टीने’ असं म्हणून सुरू होणारी चार वाक्यं जिभेवर होतीही.

“हो,” मी म्हणालो. “खरं बोलल्या होत्या. मला तेव्हाच माहीत होतं. तू ‘काम राहू द्या’ म्हणायला आलास, त्याच्याही आधी.”

तो माझ्याकडे बघत राहिला नाही, पानाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता उठेल. मी उठलो तर बरं, असंही वाटलं. हाताने मी जमीन चाचपली.

“बसा,” तो म्हणाला.

मग त्याने मान वळवली आणि वाढणाऱ्या मुलींकडे पाहून हाक मारली. “दुर्गे!”

परकर-ओढणीतली एक उंच मुलगी बुंदीचं पातेलं घेऊन आली. तिच्या एका गालावर वांग्याच्या भाजीचा शिंतोडा होता. तिने विचारलं, “हे कोन, बाबा?”

गजाननने पोळीचा तुकडा पानात ठेवला.

“तुह्या मायचे वकील,” तो म्हणाला. “वाढ याईले.”

मी नको म्हणायला पानावर हात आडवा धरला. गजाननने तो हात धरला आणि बाजूला केला. मुलीने बुंदी वाढली. भरपूर वाढली आणि मी संपवेपर्यंत तो शेजारी बसून होता.